गेटचा स्कोअर कसा काढतात: 56 मार्कांचे 625 कसे होतात ते हातानं करून बघू

मार्चमध्ये गेटचा, म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एमटेक आणि सरकारी कंपन्यांच्या भरतीसाठी देतात त्या परीक्षेचा, निकाल लागला की ज्युनियर लोकांचे मेसेज सुरू होतात आणि त्यातला पहिला हमखास हाच असतो, की दादा मला 56 मार्क आहेत पण स्कोअर 625 दाखवतोय, म्हणजे मला साडेबासष्ट टक्के पडले का? नाही पडले. 625 म्हणजे टक्के नाहीत, पर्सेंटाइल पण नाही, आणि तुमच्या रँकशी पण त्याचा थेट हिशोब नाही. गेटच्या स्कोअरकार्डवर तीन वेगवेगळे आकडे असतात, मार्क, स्कोअर आणि ऑल इंडिया रँक, आणि तिघांचं काम वेगळं आहे. ज्यांचं आत्ता थर्ड इयर किंवा लास्ट इयर चालूय आणि पहिल्यांदाच गेटच्या नादी लागलेत त्यांच्यासाठी हे सगळं पहिल्यापासून लिहितोय. कागद पेन घेऊन बसा, कारण नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही, एकदा हातानं केलं की आयुष्यभर बसतं.

आधी थोडक्यात परीक्षेबद्दल. गेट घेतात बेंगळुरूची आयआयएससी आणि सात जुन्या आयआयटी (मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास, रुरकी), दरवर्षी पाळीपाळीनं एक जण आयोजक असतो. 2024 ला आयआयएससी होती, 2025 ला रुरकी. पेपर 3 तासांचा, 65 प्रश्न, 100 मार्क. त्यातले 15 मार्क जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, उरलेले 85 तुमच्या विषयाचे आणि बहुतेक पेपरांत गणिताचे.

स्टेप 1: कच्चे मार्क स्वतः मोजा

परीक्षा झाल्यावर काही दिवसांनी तुमची रिस्पॉन्स शीट येते, मग आन्सर की येते. दोन्ही शेजारी शेजारी उघडायच्या आणि टिक करत जायचं. प्रश्न तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींचा नियम वेगळा आहे, इथेच निम्म्या लोकांचा हिशोब चुकतो.

एमसीक्यू, म्हणजे चारातला एक पर्याय. 1 मार्काचा चुकला तर एक तृतीयांश मार्क जातो, 2 मार्कांचा चुकला तर दोन तृतीयांश. एमएसक्यू, म्हणजे एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, हे 2021 पासून आले. यात निगेटिव्ह नाही, पण अर्धे मार्क पण नाहीत, तीन बरोबर असतील आणि तुम्ही दोनच टिक केले तर शून्य. एनएटी म्हणजे आकडा टाइप करायचा, यात पण निगेटिव्ह नाही, आणि आन्सर की मध्ये बऱ्याचदा एक रेंज दिलेली असते, समजा 2.30 ते 2.36, त्यात तुमचं उत्तर बसलं की पूर्ण मार्क.

आता आपला एक काल्पनिक उमेदवार घेऊ, शेवटपर्यंत यालाच वापरू. विषयाच्या भागात 1 मार्काचे एमसीक्यू 11 बरोबर, 3 चूक, म्हणजे 11 वजा 1, झाले 10. दोन मार्कांचे एमसीक्यू 9 बरोबर, 6 चूक, 18 वजा 4, झाले 14. एनएटी 1 मार्काचे 5 बरोबर आणि 2 मार्कांचे 5 बरोबर, एकूण 15, चुकलेले सोडून द्या कारण त्यांचं काही कापत नाहीत. एमएसक्यू 1 मार्काचे 3 आणि 2 मार्कांचे 4 बरोबर, 11. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये 1 मार्काचे 4 बरोबर आणि एक सोडला, 2 मार्कांचे 2 बरोबर आणि 3 चूक, 4 अधिक 4 वजा 2, म्हणजे 6. बेरीज करा: 10, 14, 15, 11, 6. झाले 56.

यात निगेटिव्हनं किती खाल्ले बघितलं का? 1 अधिक 4 अधिक 2, तब्बल 7 मार्क. आता यावर लगेच "तुक्का मारूच नका" असं सांगणारे बरेच भेटतील पण गणित तसं म्हणत नाही. चारही पर्यायांत डोळे मिटून मारलं तर सरासरी शून्य येते, ना फायदा ना तोटा. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळत असेल तर उरलेल्या तिघांत मारणं सरासरीत किंचित फायद्याचंच आहे. तोटा होतो तो अर्धवट आठवणाऱ्या प्रश्नात, जिथे पेपर काढणाऱ्यानं तुमच्यासारख्यांसाठीच फसवा पर्याय ठेवलेला असतो.

आन्सर की बद्दल एक गोष्ट. पहिली की फायनल नसते, पैसे भरून तिला चॅलेंज करता येतं, मग फायनल की येते. एखादा प्रश्नच चुकीचा निघाला तर सगळ्यांना मार्क देतात. ग्रुपवर तेव्हा दिवाळी असते पण जरा थांबून विचार करा, ते मार्क सगळ्यांनाच मिळालेत, सरासरी पण वर गेली, आणि ज्याला पहिल्या की नुसार त्या प्रश्नाचे मार्क मिळतच होते त्याची उलट आघाडी गेली.

स्टेप 2: तुमचा पेपर एका सेशनचा की दोन, ते बघा

ज्या पेपरला गर्दी जास्त असते तो दोन सेशनमध्ये होतो, दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका. 2024 आणि 2025 ला कॉम्प्युटर सायन्स आणि सिव्हिल दोन्ही असे दोन दोन सेशनमध्ये झाले. तुमचा पेपर एकाच सेशनचा असेल तर ही स्टेप सोडा, तुमचे कच्चे मार्क तेच फायनल मार्क, सरळ स्टेप 3 वर जा.

दोन सेशन असतील तर एक पेपर सोपा एक अवघड होणारच, कितीही काळजी घेतली तरी. म्हणून नॉर्मलायझेशन करतात. घाबरायचं काही नाही, कल्पना अशी आहे की प्रत्येक सेशनमध्ये दोन खुणा शोधायच्या. एक खालची, त्या सेशनमधल्या सगळ्यांच्या मार्कांची सरासरी अधिक स्टँडर्ड डेव्हिएशन (मार्क सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप). एक वरची, त्या सेशनमधल्या टॉप 0.1 टक्के पोरांच्या मार्कांची सरासरी. आणि मग अशाच दोन खुणा दोन्ही सेशन एकत्र धरून पण काढायच्या. तुमच्या सेशनच्या दोन खुणांमध्ये तुम्ही जिथे उभे आहात तिथून उचलून एकत्रित खुणांमध्ये त्याच प्रमाणात तुम्हाला ठेवायचं, एवढंच.

आकडे घालून बघू, आकडे माझ्या मनाचे आहेत, हिशोब खरा आहे. सकाळचा पेपर सोपा, खालची खूण 30, वरची 85. दुपारचा अवघड, खालची 26, वरची 76. एकत्रित खालची 28, वरची 82. दोन मैत्रिणी, दोघींना कच्चे मार्क 51 च.

दुपारवाली: 51 वजा 26, म्हणजे खालच्या खुणेपेक्षा 25 वर. एकत्रित अंतर 54 (82 वजा 28), तिच्या सेशनचं अंतर 50 (76 वजा 26). 25 गुणिले 54 भागिले 50, आले 27. त्यात 28 मिळवा, झाले 55.

सकाळवाली: 51 वजा 30, म्हणजे 21. गुणिले 54 भागिले 55, आले साधारण 20.6. अधिक 28, झाले 48.6.

एकीचे 4 वाढले, एकीचे जवळपास अडीच गेले. सकाळवालीला अन्याय वाटणार, साहजिक आहे, पण तिच्या पेपरात सगळ्यांनाच जास्त पडलेत हे ती विसरतेय. यात अजून एक बारकावा आहे जो कोणी सांगत नाही. फरक सगळ्यांसाठी सारखा नसतो, "दुसऱ्या सेशनवाल्यांना सरसकट 4 मार्क" असं काही नसतं. वर उभ्या असलेल्याला वेगळा बदल, मध्ये उभ्या असलेल्याला वेगळा, कारण सूत्रात गुणाकार पण आहे आणि बेरीज पण. त्यामुळे मित्राचे किती वाढले यावरून आपले काढू नका.

स्टेप 3: कटऑफ समजून घ्या, कारण स्कोअर त्याच्यावरच उभा आहे

आता हे मन लावून वाचा. जनरल कॅटेगरीचा क्वालिफाइंग कटऑफ ठरतो असा: पेपर दिलेल्या सगळ्यांच्या मार्कांची सरासरी अधिक स्टँडर्ड डेव्हिएशन, किंवा 25, यातलं जे मोठं असेल ते. म्हणजे 25 च्या खाली तो कधी जात नाही. सगळ्यांच्या म्हणजे खरोखर सगळ्यांच्या, वर्षभर घासलेल्यांच्या आणि कॉलेजनं सांगितलं म्हणून फॉर्म भरून एसी हॉलमध्ये 3 तास बसून आलेल्यांच्या पण. त्यामुळेच तो इतका खाली असतो आणि "क्वालिफाय झालो" म्हणून लगेच पेढे वाटण्यात फार अर्थ नसतो. ओबीसी नॉन क्रीमी लेअर आणि ईडब्ल्यूएसला जनरलच्या 90 टक्के, एससी एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना दोन तृतीयांश.

कॉम्प्युटर सायन्सचे खरे आकडे बघा. 2022 ला जनरल कटऑफ 25, 2023 ला 32.5, 2024 ला 27.6. 2022 ला बरोबर 25 आलाय याचा अर्थ सरासरी अधिक डेव्हिएशन 25 च्या वर गेलंच नव्हतं, शेवटी तळाचा 25 लावला. आणि बघा, 30 मार्क मिळवणारा जनरलचा पोरगा 2022 ला पास, 2023 ला नापास, 2024 ला परत पास. पोरगा तोच, मार्क तेच. म्हणूनच नुसते मार्क वर्षावर्षांत तुलनेला कामाचे नाहीत, म्हणूनच स्कोअर लागतो. गेट 3 वर्षं चालतो ना, मग 2023 वाला आणि 2025 वाला एकाच सीटसाठी समोरासमोर आले तर त्यांना एका मापात आणायला काहीतरी पाहिजेच.

स्टेप 4: आता स्कोअर

सूत्र असं आहे:

स्कोअर = 350 + 550 × (तुमचे मार्क − जनरल कटऑफ) ÷ (टॉपरांची सरासरी − जनरल कटऑफ)

350 म्हणजे कटऑफवर उभ्या असलेल्याला मिळणारा स्कोअर. 900 म्हणजे टॉपरांच्या सरासरीवर उभ्या असलेल्याला मिळणारा. 550 हा त्या दोघांतला फरक. टॉपर म्हणजे पेपर दिलेल्यांपैकी वरचे 0.1 टक्के किंवा वरचे 10 जण, जे जास्त असेल ते. पेपरला 1,20,000 जण बसले तर वरचे 120 जण. 3,000 च बसले तर 0.1 टक्के म्हणजे फक्त 3 होतात, म्हणून तिथे 10 धरतात. पेपर दोन सेशनचा असेल तर मार्क म्हणजे इथे नॉर्मलाइज्ड मार्क.

आपला 56 वाला उमेदवार. समजा त्याच्या पेपरचा कटऑफ 28 आणि टॉपरांची सरासरी 84. सूत्रात भागाकाराच्या वरचं अंतर 28 (56 वजा 28), खालचं अंतर 56 (84 वजा 28), भागाकार बरोबर अर्धा. 550 चा अर्धा 275, अधिक 350. झाले 625. म्हणजे कटऑफ आणि टॉपर यांच्या बरोब्बर मधोमध तो उभा आहे, 625 चा अर्थ एवढाच. साडेबासष्ट टक्के वगैरे काही नाही.

आता कटऑफ 25 आणि टॉपरांची सरासरी 70 असलेला एखादा अवघड पेपर घ्या, तिथे पण कोणाला 56 च पडले. 31 भागिले 45, गुणिले 550, अधिक 350, आले 729. मार्क सारखे, स्कोअरमध्ये शंभराचा फरक. तेव्हा मेकॅनिकलवाल्यानं इलेक्ट्रिकलवाल्या रूममेटचा स्कोअर बघून स्वतःला कमी समजू नये, आणि शहाणपण पण शिकवू नये.

एका मार्काला स्कोअर किती, हे काढून ठेवा, फार कामाला येतं. 550 ला त्या खालच्या अंतरानं भागायचं. पहिल्या पेपरात 550 भागिले 56, म्हणजे 9.8. दुसऱ्यात 12.2. आपल्या उमेदवाराचे निगेटिव्हमध्ये गेलेले 7 मार्क आठवतायत? 7 गुणिले 9.8, साधारण 69 स्कोअर. ते प्रश्न नुसते सोडले असते तर 625 च्या जागी 694 दिसला असता, आणि अ‍ॅडमिशनच्या यादीत या दोघांचं कॉलेज एक नसतं.

दोन प्रश्न इथे नेहमी येतात. एक, 900 च्या वर जाता येतं का? येतं, 900 ही टॉपरांची सरासरी आहे, सरासरीच्या वर पण लोक असतातच. आपल्या पेपरात 90 मार्कवाल्याला 959 येतील. 96 वाल्याचे सूत्रानं 1018 होतात, पण स्कोअर 1000 ला थांबवतात.

दोन, 350 च्या खाली स्कोअर असून क्वालिफाय कसं होता येतं? हा प्रश्न खरंच चांगला आहे. सूत्रात कटऑफ सगळ्यांसाठी जनरलचाच घालतात, तुमची कॅटेगरी कुठलीही असो. वरच्या पेपरात एससी, एसटीचा कटऑफ 28 च्या दोन तृतीयांश, म्हणजे 18.6. कोणाला 20 मार्क पडले तर तो क्वालिफाय आहे, पण 20 वजा 28 उणे 8 येतं, आणि स्कोअर होतो 271. स्कोअरकार्डमध्ये काही गडबड नाही, सूत्र बरोबर चाललंय. घरी काका लोक "अरे 350 लागतात ना पास व्हायला" म्हणतील, त्यांना हे दाखवा.

स्टेप 5: निकालाआधीचे रँक प्रेडिक्टर कितपत मनावर घ्यायचे

फेब्रुवारीत सगळ्या कोचिंगवाल्यांचे प्रेडिक्टर चालू होतात. आता सूत्र कळलंय तर तुम्हीच विचार करा, त्यांच्याकडे तुमचे मार्क आहेत, पण कटऑफ आणि टॉपरांची सरासरी नाही, कारण त्या दोन्हींसाठी सगळ्या उमेदवारांचे मार्क लागतात. त्यांच्या साइटवर जे येऊन मार्क टाकतात त्यावरून ते अंदाज बांधतात, आणि तिथे मार्क टाकायला कोण जातं? ज्याचा पेपर बरा गेलाय तो. ज्याला 12 पडलेत तो कशाला जाईल. म्हणून त्या आकड्यांना एक अंदाजाची पट्टी समजा, 20-30 स्कोअर इकडे तिकडे होणार हे धरून चला. दोन सेशनच्या पेपरात तर त्याहून जास्त. माझं मत विचाराल तर कच्चे मार्क एकदा मोजा, मग निकालापर्यंत साइट बंद.

निकाल आल्यावर मात्र एक मस्त उलटा हिशोब करता येतो. स्कोअरकार्डवर तुमचे मार्क, स्कोअर आणि कटऑफ तिन्ही छापलेलं असतं, त्यावरून टॉपरांची सरासरी स्वतः काढता येते. मार्क वजा कटऑफ, गुणिले 550, भागिले स्कोअर वजा 350, आणि त्यात कटऑफ मिळवा. आपल्या उमेदवाराचं, 28 गुणिले 550 भागिले 275, आले 56, अधिक 28, झाले 84. पुढच्या वर्षी परत बसणार असाल तर हा आकडा वहीत लिहून ठेवा, आपल्याला किती लांब जायचंय ते कळतं. फक्त तुमचे मार्क कटऑफच्या अगदी जवळ असतील तर हे उत्तर थोडं पुढेमागे येतं, कारण मार्क आणि स्कोअर दोन्ही गोल करून छापलेले असतात.

स्टेप 6: कुठे कुठला आकडा चालतो

एनआयटी वगैरेंची एमटेकची सेंट्रल काउन्सेलिंग, म्हणजे सीसीएमटी, यात स्कोअर चालतो. नागपूरचं व्हीएनआयटी पाहिजे असेल तर रस्ता हाच. आयआयटींमध्ये प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, ऑफर मात्र कोॲप नावाच्या एका पोर्टलवर दिसतात, आणि तिथेही स्कोअरच. काही विभाग नुसत्या स्कोअरवर घेतात, काही इंटरव्ह्यू किंवा लेखी परीक्षा पण घेतात. आपल्या राज्यातल्या एमई, एमटेकच्या सीटसाठी सीईटी सेलची कॅप, म्हणजे एकत्रित प्रवेश प्रक्रिया, असते, तिथे गेटवाल्यांना आधी घेतात आणि उरलेल्या जागांवर बिगर गेटवाले, त्यामुळे कमी स्कोअर आहे म्हणून अर्जच न करणं हा वेडेपणा आहे. शिवाय गेट क्वालिफाय असेल तर एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षण बघणारी केंद्र सरकारची संस्था) महिना 12,400 रुपयांची स्कॉलरशिप आहे, मान्यताप्राप्त कॉलेजात फुल टाइम असाल तर. पुण्यामुंबईत खोलीभाड्याचा भार त्यानं बऱ्यापैकी हलका होतो.

सरकारी कंपन्यांच्या भरतीत मात्र जाहिरात नीट वाचा. कुठे स्कोअर धरतात, कुठे शंभरातले मार्क, आणि बऱ्याच ठिकाणी जाहिरातीत सांगितलेल्याच वर्षाचा गेट लागतो, 3 वर्षांची मुदत तिथे उपयोगाची नाही. फॉर्ममध्ये "गेट मार्क" विचारलं तर 56 लिहायचं, "गेट स्कोअर" विचारलं तर 625, आणि दोन सेशनचा पेपर असेल तर मार्क म्हणजे नॉर्मलाइज्डवाले, रिस्पॉन्स शीटवरून आपण मोजलेले नाहीत. 62.5 कुठेही लिहायचं नाही, फॉर्म रिजेक्ट होऊ शकतो.

आणि स्कोअरकार्डची पीडीएफ वेळेत उतरवून घ्या, अलीकडच्या वर्षांत 31 मेपर्यंत ती फुकट मिळते, त्यानंतर 500 रुपये मागतात. नापास झालेल्यांना स्कोअरकार्ड मिळत नाही, त्यांना निकालाचे मार्क पोर्टलवर दिसतात तेवढेच, त्यामुळे त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.